चहा == मागचाच

बिराजदार सर किराणा दुकानात जी यादी देतात, तिच्यात प्रत्येक जिनसापुढे बरोबरची दोन चिन्हं असतात. 'चहा == मागचाच.' 'साबण == मागचाच.' दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "सर, ह्ये सामान हाय का गणित?" सर गणिताचेच शिक्षक होते, पण हे गणित नव्हतं. ही कॉम्प्युटरची सवय.

जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटची मी सेक्रेटरी. याद्या करणं हा माझाही आजार, त्यामुळे मला ते लवकर समजलं. पायथन या भाषेत प्रोग्रॅम लिहिताना इतरांनी केलेली मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार तुकडे, आयती घेता येतात. काळ्या पडद्यावर 'पिप इन्स्टॉल' आणि मॉड्यूलचं नाव टाइप केलं की ते नेटवरून उतरतं. "पण नुसतं नाव लिहायचं न्हाय, बाई," सर बजावत. "दोन बरोबर देऊन व्हर्जनचा आकडा लिहायचा. न्हायतर सगळ्यात नवं घरात घुसतं. आन् एकटं येत न्हाय, वीस पाहुणे घेऊन येतं!" ते वीसजण पडद्यावरून सरकताना सर मोठ्यानं मोजत. लिफ्ट बदलायच्या मीटिंगमध्येही एकट्यानं विरोध केला: "चालतंय ते चालू द्या की!"

हे सगळं ते सत्तरीत शिकले, बायकोसाठी, म्हणजे आमच्या काकूंसाठी. अर्धांगवायूनं काकूंची वाचा गेली होती. सर स्वयंपाकघरात असताना त्यांनी हाक कशी मारायची? सरांनी कीबोर्डवर पाच चिठ्ठ्या चिकटवल्या: पाणी, दुखतंय, पंखा, नको, बसा की जरा. बटण दाबलं की लॅपटॉप ते बोलायचा. आवाज घोगरा, नाकातला. "स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखा वाटतो," मी म्हणाले. काकूंनी हसून 'नको' दाबलं.

उन्हाळ्यात तो लॅपटॉप जळाला. सरांनी नवा आणला आणि मॉड्यूलच्या जुन्या यादीवरून सगळं पुन्हा बसवलं. काकूंनी 'पाणी' दाबलं, तर कुणी गोड, तरुण बाई बोलली. काकूंनी कीबोर्ड ढकलून दिला. त्यानंतर बटणाला हात नाही. पाणीसुद्धा मागेनात.

सरांनी यादी माझ्यापुढे धरली. बाकी सगळ्या मॉड्यूलपुढे दोन बरोबर आणि आकडा होता. आवाजाच्या मॉड्यूलपुढे काहीच नव्हतं. ते सगळ्यात पहिलं बसवलेलं, काकूंना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी.

"तवा मला ही चिन्हं ठाऊकच नव्हती," सर म्हणाले. "साबणाला लिहितो बघा, बाई. हिच्या आवाजाला लिहिलं न्हाय."

मग एकेक जुनं व्हर्जन बसवायचं, ऐकवायचं, आणि मी वहीत फुली मारायची. काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. बाराव्या खेपेला तो घोगरा आवाज आला. काकूंनी मान वळवली. आधी पाणी मागितलं. प्यायल्या, आणि शेवटचं बटण दाबलं. सर ओले हात धोतराला पुसत त्यांच्या कॉटवर बसले.

दिवाळीच्या आधी काकू गेल्या.

परवा मी पाण्याची टाकी धुण्याच्या नोटिशीवर सही घ्यायला सरांकडे गेले. लॅपटॉप चालू होता, चिठ्ठ्या जागच्या जागी. सही झाली. माझ्या यादीतली चार घरं अजून राहिली होती, म्हणून मी उठले. सरांनी खिडकीबाहेर बघत एक बटण दाबलं.

"बसा की जरा," तो घोगरा आवाज म्हणाला.

मी वही मिटून बाजूला ठेवली.