सासऱ्यांचा जन्मदोष

पोटाच्या जन्मदोषांना कोड द्यावा तर तो मीच! आमच्या रुग्णालयाच्या तळघरात औषधांच्या भांडाराला लागून कोडखोली आहे. तिथे चार टेबलं आहेत आणि त्यांतलं अडचणीच्या वेळी सगळे ज्याच्याकडे येतात, ते टेबल माझं. हे मी गर्वाने सांगत नाही. म्हणजे थोड्या गर्वानेच सांगतो.

हे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉक्टर आजाराचं नाव लिहितात आणि आम्ही त्या नावाला ठरलेला कोड देतो. माझ्याकडे पोटाचं खातं, आणि त्यातही जन्मापासूनच जे चुकलेलं असतं ते. कोणाची अन्ननलिका अर्ध्या वाटेतच संपते, कोणाचं आतडं जिथे वळायचं तिथे वळत नाही, कोणाच्या जठराचं दार धड उघडतच नाही. या सगळ्या गडबडी 'क्यू'पासून सुरू होणाऱ्या कोडांमध्ये शिंप्याच्या गुंड्यांसारख्या वेगवेगळ्या कप्प्यांत लावून ठेवलेल्या आहेत. मला झोपेतून उठवून विचारलंत तरी मी बरोबर कप्पा उघडतो. बायकोने एकदा खरंच उठवलं होतं, पण ते चोर शिरल्याचं सांगण्यासाठी होतं आणि मी तिला कोड सांगितला.

माझ्या सासऱ्यांना मात्र हे काम कधी पटलं नाही. ते वजनमापे निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेला.

"म्हणजे आजार डॉक्टर ओळखतात, पोट डॉक्टर कापतात, आणि तुम्ही नंबर टाकता," ते म्हणत.

"नंबर नाही बाबा, कोड."

"बरं. कोड टाकता."

सासूबाई गेल्यापासून बाबा एकटे राहत होते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि गुडघे कुरकुरणारे. बायको कधीची त्यांच्या मागे लागली होती की आमच्याकडे राहायला या. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "जावयाच्या घरी मी कायमचा राहणार नाही. तिथे मला पंखा लावायचा तरी विचारावंसं वाटतं." आमच्याकडे पंख्याला कोणीच कधी नाही म्हटलेलं नाही, पण त्यांना तसं वाटायचं, त्याला इलाज नव्हता.

मग एके दिवशी त्यांचं पोट दुखलं, आमच्याच रुग्णालयात ऑपरेशन झालं, आणि पलंगावर पडल्यापडल्या ते जरा नरम झाले. म्हणाले, "बघू. इथून सुटलो की थोडे दिवस येतो तुमच्याकडे. पुढचं पुढे."

बायकोने मला व्हरांड्यात ओढलं. "बाबा 'बघू' म्हणालेत. एवढी वर्षं ते 'नाही' म्हणत होते. आज संध्याकाळी त्यांना नीट घरी आण. इथे काही गोंधळ झाला आणि त्यांचं डोकं फिरलं, तर ते तडक तिसरा मजला गाठतील आणि मग आपण कितीही पाय धरले तरी येणार नाहीत. तू फक्त त्यांना घेऊन ये. दुसरं काही करू नकोस."

"माझ्या रुग्णालयात गोंधळ होईल?" मी म्हणालो. "त्यांची फाईल मी स्वतः बघतो."

तिने माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की तेवढं पुरतं.

फाईल उघडली आणि मला उकळ्या फुटल्या. सर्जननी लिहिलं होतं की सुजली होती ती मेकेलची पिशवी. ही पिशवी म्हणजे आईच्या पोटात असताना बाळाच्या आतड्याला जोडलेली जी नळी असते तिचा उरलेला तुकडा. खरं तर जन्माआधीच तो नाहीसा व्हायला हवा. काहींचा होत नाही, आणि मग तो आयुष्यभर गप्प राहतो किंवा एखाद्या दिवशी उठून बसतो. म्हणजे अस्सल जन्मदोष, माझ्या खात्यातला, आणि तोही घरच्या माणसाच्या पोटात. मी हात चोळले आणि कोड टाकला, क्यू त्रेचाळीस पॉइंट शून्य.

संगणकाचा पडदा लाल झाला. 'वय आणि कोड जुळत नाही.'

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नियम अगदी साफ आहे. जन्मदोष कुठल्याही वयात सापडला तरी त्याला जन्मदोषाचाच कोड द्यायचा. पण आमचा संगणक ज्याने बसवला त्याची समजूत अशी की जन्मदोष फक्त बाळांनाच असतात. मी संगणक विभागातल्या माणसाला बोलावलं. त्याला सगळे 'रीस्टार्ट' म्हणतात, कारण कुठल्याही तक्रारीवर तो एवढंच बोलतो.

"रीस्टार्ट करा," तो म्हणाला.

"केलं."

त्याने पडदा पाहिला, डोकं खाजवलं. "दुसरा कोड टाका ना. साधं पोटदुखीचं काहीतरी."

"कोड बदलणार नाही," मी म्हणालो. "कोड बरोबर आहे."

"मग वय बदलावं लागेल."

इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण कोडवाल्याला कोड बरोबर आहे हे एकदा कळलं की बाकीचं जग त्याला दुरुस्त करण्याजोगं वाटू लागतं.

"बदल," मी म्हणालो. "कोड आत गेला की परत पूर्ववत कर."

त्याने एकाहत्तरच्या जागी शून्य टाकलं. पडदा हिरवा झाला. मी समाधानाने चहा प्यायला गेलो.

चहा अर्धा झाला नव्हता तोच बायकोचा फोन आला. तिचा आवाज फार शांत होता, आणि तो शांत असला की मला धडकी भरते.

"रुग्णालयाकडून संदेश आलाय," ती म्हणाली. "अभिनंदन म्हणे. आपल्या कुटुंबात बाळ आलंय. लसीकरणाची तारीखही दिलीय. तुला मला काही सांगायचंय का?"

"ते बाळ म्हणजे बाबा आहेत," मी म्हणालो.

 मग ती म्हणाली, "मी निघते," आणि फोन बंद झाला.

मी धावत रीस्टार्टकडे गेलो. "वय परत कर."

"होत नाही," तो म्हणाला. "नवजात विभागाने बाळ दाखल करून घेतलंय. एकदा घेतलं की वय हाताने बदलता येत नाही. ते आपोआप वाढतं, रोज एक दिवस."

"आणि एकाहत्तर कधी होईल?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "एकाहत्तर वर्षांनी."

संगणकातलं हे कुलूप काढणारे एकच साहेब होते आणि ते परगावी परिषदेला गेले होते. विषय होता, रुग्णालयातील अचूकता.

वर वॉर्डात पोचलो तर बाबांच्या पलंगावर भलताच माणूस घोरत होता. बाबा आपली पिशवी मांडीवर घेऊन व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. शेजारी एक पाळणा उभा होता.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "मला या पाळण्यात झोपायला सांगतायत. मी पाहिलं. पाय बाहेर येतील."

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर कागद नाचवत आल्या. "मला समजतंय हो हे बाळ नाही ते! पण संगणकाने पलंग रिकामा दाखवला आणि खालून दुसरा पेशंट आला. मी काय करू? औषधं तर थेंबांत आलीयत. ती मी परत पाठवली, डॉक्टरांकडून नीट लिहून घेतली. तेवढी अक्कल अजून माझी मी वापरते."

"आणि जेवण?" मी विचारलं.

"तेच तर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "आज मला मऊ भात द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. किती दिवसांनी! मी स्वयंपाकघरात फोन केला. ते म्हणतात, या पेशंटला आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही."

मला मनापासून वाईट वाटलं. भुकेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा पाहवत नाही. मी म्हटलं, खाली जाऊन काहीतरी आणतो. तेवढ्यात नवजात विभागातली एक मुलगी लहान काटा घेऊन आली. तिच्या पडद्यावर बाळाचं वजन अडुसष्ट किलो दिसत होतं आणि असं बाळ जगात झालेलं नसल्यामुळे तिला पुन्हा वजन घ्यायला पाठवलं होतं. तिने बाबांकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, आणि काटा जमिनीवर ठेवला.

बाबा वाकले. जुनी सवय. त्यांनी बोटाने काट्याचं तबक दाबलं, सोडलं आणि म्हणाले, "हा शून्यावर येत नाही. जप्त करायला हवा." ती मुलगी काटा उचलून जवळजवळ पळालीच.

मग बाबा माझ्याकडे वळले. "हे सगळं तुमच्या त्या नंबरामुळे?"

"कोडमुळे," मी म्हणालो, आणि म्हटल्या म्हटल्या जीभ चावली.

"कोड चुकला?"

"नाही बाबा. कोड अगदी बरोबर आहे. वय चुकवलं."

ते उठले. पिशवी उचलली. सिस्टरांनी घाईघाईने सुट्टीचे कागद हातात दिले, कारण संगणकाला काहीही वाटो, बाबांची तब्येत ठणठणीत होती आणि डॉक्टरांनी कधीच सोडलं होतं. लिफ्टमध्ये बाबा सरळ समोर बघत राहिले. तळमजला आल्यावर म्हणाले, "मला टॅक्सी बघून द्या. मी माझ्या घरी जातो. तिथे निदान मला माझं वय तरी ठाऊक असतं."

 नेमकं हेच होऊ द्यायचं नव्हतं. बायको दारातून आत येताना मला दिसली, तिनेही बाबांचा चेहरा पाहिला, आणि आम्हा दोघांनाही एकदमच कळलं की 'बघू' संपलं.

पण दारावर पहारेकरी होता. त्याने कागद यंत्राखाली धरला. यंत्र किंचाळलं.

"बाळ कुठाय?" त्याने विचारलं.

"हेच," मी म्हणालो.

त्याने बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. पण तो नियमाचा पक्का माणूस होता. बाळं बदलली जाऊ नयेत म्हणून त्याला तिथे उभं केलेलं होतं आणि आजवर त्याच्या हातून एकही बाळ बदललं नव्हतं. "नवजात बाळ आईशिवाय सोडत नाही," तो म्हणाला. "आई कुठाय?"

"वारली," बाबा म्हणाले.

पहारेकऱ्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरेरे. बाळंतपणात?"

"नाही. ब्याण्णवाव्या वर्षी."

"मी घेऊन जाते त्यांना," बायको पुढे झाली. "मी त्यांची मुलगी."

पहारेकऱ्याने पडद्यावर शोधलं. "बाळाशी नातं, मुलगी. नाही येत इथे. बाळाला मुलगी कशी असेल?" तो आम्हाला मदतच करत होता, हे मला आजही मान्य आहे. "आई गेली असेल तर वडिलांची सही चालते. दोनच रकाने आहेत, आई नाहीतर वडील."

बाबांना उभं राहून दम लागला होता. त्यांचा हात पोटावर, टाक्यांवर गेला. घर कोणाचंही असो, त्यांना आता लवकर नेऊन बसवायला हवं होतं. मी पुढे झालो, 'वडील' या रकान्यावर बोट ठेवलं आणि खाली सही केली. लगेच दार उघडलं. यंत्रातून बाळ कोणाच्या ताब्यात दिलं त्याची एक चिठ्ठी निघाली आणि पहारेकऱ्याने ती रीतसर माझ्या हाताऐवजी बाबांच्या हातात दिली, कारण ते जवळ उभे होते.

बाबांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. मी टॅक्सीसाठी हात वर केला, दुसरं करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. टॅक्सी थांबली. मी दार उघडून त्यांच्या घराचा पत्ता सांगायला वाकलो.

"थांबा," बाबा म्हणाले. चिठ्ठी त्यांनी नीट घडी करून वरच्या खिशात ठेवली. "त्याला तुमच्या घरचा पत्ता सांगा."

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"जावयाकडे राहणार नाही म्हणालो होतो. अजूनही नाही राहणार." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि गुडघा सांभाळत आत बसले. "मुलगा बापाच्या घरी राहतो, त्यात लाजायचं काय? आणि भूक लागलीय. चला, बाबा."

मागच्या सीटवर बायको त्यांच्या शेजारी बसली. मला आरशात दिसलं की ती खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होती आणि हसतही होती.

दुसऱ्या दिवशी परिषदेहून साहेब परतले, त्यांनी कुलूप काढलं आणि रीस्टार्टने बाबांचं वय पुन्हा एकाहत्तर केलं. नातंही दुरुस्त होऊन 'जावई' असं लागलं. कोड मात्र बरोबर होता, तो तसाच आहे. ही दुरुस्ती झाल्याचं मी घरी अजून सांगितलेलं नाही. बाबा आता पंखा न विचारता लावतात.