मनूताईंनी निवडलेली माणसं

मनूताईंकडे कामाला येणाऱ्या माणसाला त्या आधी आपल्या चाकांच्या खुर्चीत बसवतात. आपण सोफ्यावर. मग डाव्या हाताने त्याला रव्याची खीर भरवतात, तीही टीव्हीकडे बघत. खीर हनुवटीवर सांडली की विचारतात, "कसं वाटलं?" रागावला तो नापास. हसला तोही नापास. "पुसायला काहीतरी द्या," म्हणाला तो पास.

मी लाजून हातानेच हनुवटी पुसली.

"नापास," मनूताई म्हणाल्या. "पण ये उद्यापासून. तुझं थालीपीठ चांगलं असतं."

नेदरलँड्समध्ये, रायस्वाइक गावातल्या आमच्याच इमारतीत त्या खालच्या मजल्यावर राहतात. माझे मिस्टर इथे एका हॉटेलात आचारी आहेत, माझं शिक्षण चौथी. मनूताई तरुणपणी इथे आल्या. सायकलवरून घरोघर टपाल वाटण्यात त्यांचं आयुष्य गेलं. यजमान गेले, मुलगा आइंडहोवनला, आणि अर्धांगवायूने उजवी बाजू नेली. पाय थांबले, पण बाई थांबली नाही. दर थोड्या वेळाने म्हणतात, "चल गं, भिंती अंगावर यायला लागल्या."

पूर्वी एक संस्था त्यांच्याकडे रोज निराळी बाई पाठवायची. आंघोळ जेवायच्या वेळेला आणि संध्याकाळी सातला अंथरुणात. इथे उन्हाळ्यात तेव्हा लख्ख ऊन असतं. "कोंबड्यासुद्धा माझ्यानंतर झोपायच्या," मनूताई सांगतात. शेवटी खेमेंटेशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेशी, भांडून त्यांनी मदतीचा कारभार आपल्या हाती घेतला. आता कोण येणार, कधी येणार, काय करणार, हे त्याच ठरवतात. सकाळी एक सुरिनामची बाई येते, संध्याकाळी मी. झोप मनाला येईल तेव्हा. ट्रामने समुद्रापर्यंत नेलंय मी त्यांना, भर वाऱ्यात. परत यायचं नाव काढेनात.

गेल्या महिन्यात खेमेंटेची बाई तपासणीला यायची होती. हा कारभार मनूताईंना झेपत नाही असं तिला वाटलं, तर पुन्हा ती संस्था, पुन्हा सातची झोप. त्या दिवशी मी दुपारीच आले होते, तर मनूताई खुर्ची घेऊन दार ते खिडकी, खिडकी ते दार.

"ताई, जरा बसा ना शांत."

"बसलेलीच आहे गं मी जन्माची."

बाई आली. उंच, घाईतली. मनूताई सोफ्यावर सरकल्या आणि तिलाही खुर्चीत बसवलं. "ढकल हिला," मला म्हणाल्या. मी घाबरून ढकलली ती थेट दाराच्या चौकटीवर. बाईने गुडघा चोळला. मनूताई प्रसन्न झाल्या.

मग प्रश्न सुरू झाले. मनूताई तिला डचमध्ये फटाफट उत्तरं देत होत्या आणि मध्येच मला मराठीत सांगत होत्या, "विचारतेय, कामाची बाई आजारी पडली तर काय करता. म्हटलं, दुसरी ठरवून ठेवलीय. मी काय दूधखुळी आहे?"

शेवटी बाईने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मनूताई हळू आवाजात काही बोलल्या. मला डच येत नाही, पण 'यास' म्हणजे कोट, एवढं कळतं. बाईने पेन खाली ठेवलं आणि मान डोलावली.

ती गेल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"राहिलं सगळं माझ्या हातात."

"आणि माझ्याबद्दल काय विचारलं?"

"शिकलेली नर्स सोडून हिला का निवडलं, म्हणून." त्या खिडकीकडे बघू लागल्या. "म्हटलं, बाकीच्या अंगात कोट ठेवूनच माझं सगळं उरकायच्या. ही आली की कोट काढून खुंटीला लावते."

मी भांडी घासली, त्यांचे केस विंचरले. वेळ झाली तशी निघायला बाहेरच्या खोलीत गेले, तर खुंटीवर माझा कोट नव्हता. मागे वळले. मनूताईंनी तो मांडीवर घेतला होता आणि डाव्या हाताने त्याच्या बाहीवरची सुरकुती काढत होत्या.

"बाहेर वारा फार आहे," म्हणाल्या.

खिडकीबाहेरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं.