आत्याबाई केस वाढवतात

"वाढले का?"

आमच्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला जाई. पाहुणा असो, गॅसचा सिलिंडर आणणारा असो, आत्याबाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहत, डोक्यावरचा पदर झटक्यात खाली घेत आणि भिंतीकडे बघत विचारत, "वाढले का?" माहीतगार माणसं "हौ, खूप वाढले" म्हणून सुटत. नवखा गोंधळून जाई. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस हात जोडून म्हणाला, "वाढलेच आहेत अम्मा, पण त्यात माझा काय कसूर?"

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची, आत्या. वय सत्तरीला टेकलेलं. मी पुण्याहून लग्न होऊन एकेकाळच्या निजामाच्या शहरात, बरकतपुऱ्यातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर एकही केस नव्हता. पंधराव्या वर्षी त्या विधवा झाल्या आणि तेव्हापासून न्हावी ठरल्या दिवशी घरी येऊन त्यांचं डोकं भादरून जाई. असलं काही मी पुस्तकात वाचलं होतं. रंगीत टीव्ही असलेल्या घरात ते बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

न्हाव्याचं नाव यल्लय्या. तो यायचा त्या सकाळी घर गप्प होई. मागच्या गॅलरीत पाट मांडलेला असे. पुढच्या खोलीत माझे सासरे, अण्णा, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत. पान उलटत नसत. काम उरकलं की आत्याबाई आंघोळ करून सोवळ्यात स्वयंपाकाला लागत आणि थोड्या वेळानं हाक मारत, "अण्णा, पान वाढलंय रे, ये." भावाबहिणीचं दिवसभराचं बोलणं तेवढंच.

अण्णा माणूस वाईट नव्हते. मी बँकेत नोकरी करते याचं त्यांना कोण कौतुक! मुलींनी शिकावं म्हणून ते सभांमधून पोटतिडकीनं बोलत. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग यायचा. नुसते जुनाट असते तर सोडून दिलं असतं.

अण्णा गेले. दिवसवार उरकले. पुढच्या खेपेला यल्लय्या आला, गॅलरीत बसला, धोपटी उघडली. आत्याबाई आतूनच म्हणाल्या, "नक्को."

"कल आऊँ, अम्मा?"

"कल भी नक्को, परसों भी नक्को. चाय पी और जा."

यल्लय्याचा चेहरा उतरला. "मेरे से क्या गलती हो गई अम्मा? उस्तरा बदल देता मैं."

"उस्तरा तेरा अच्छा है," आत्याबाई म्हणाल्या. "सर मेरा है."

पहिले दोन महिने कठीण होते. डोकं भांडी घासायच्या ब्रशासारखं दिसे आणि पदर खुंटांना अडकून बसे. "बघ, कसे धरून ठेवायलेत," त्या अभिमानानं सांगत. मग केस मऊ झाले, कानावर आले, आणि कळलं की सगळे पांढरे आहेत. एक काळा म्हणून नाही. त्यांनी लोखंडी कपाटाच्या आरशात बराच वेळ बघितलं.

"सूनबाई, काळे गेले, पांढरे आले. मधले कुठं गेले गं?"

मी कुकरकडे बघायला गेले.

त्या सुमाराला आमच्या गल्लीत केबलची वायर आली होती आणि किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. आत्याबाईंनी टीव्हीवरची एकही शाम्पूची जाहिरात चुकवली नाही. बातम्या लागल्या की उठून जात, जाहिराती लागल्या की धावत येत. जाहिरातीतल्या मुलीनं मान झटकून केस उडवले की त्याही झटकत. एकदा अशी मान लचकली की आठवडाभर त्या डावीकडे बघूनच सगळ्यांशी बोलत होत्या. दुकानदाराला वाटे आपल्या मागं कोणी उभं आहे.

नव्या पुड्या आल्या की त्या वास घेऊन निवडत. "ह्याला सफरचंदाचा वास. डोक्याला सफरचंद कशाला? डोकं काय फ्रूट सॅलड आहे?" असं म्हणत आणि तीच घेत. केस धुतले की गच्चीवर उन्हात पाठ करून बसत. शेजारपाजारच्या बायका पापड वाळत घालायला यायच्या. त्यांना केस मोकळे सोडून बसलेली म्हातारी बघायची सवय नव्हती. एक-दोघींनी पापड दुसऱ्या गच्चीवर न्यायला सुरुवात केली. आत्याबाई म्हणाल्या, "बरं झालं. ऊन जास्त मिळायलंय."

खालच्या मजल्यावर एका तेलुगू मुलीनं ब्यूटी पार्लर काढलं होतं. आत्याबाईंनी हट्टानं मला तिकडं न्यायला लावलं. मुलगी गोड होती. तिनं टोकं सारखी केली, मग आरशातून हसत विचारलं, "आंटी, कलर कर दूँ? बीस साल छोटे लगते."

आत्याबाई गळ्याभोवतीच्या कापडासकट ताडकन खुर्चीतून उठल्या.

"काळे नक्को," त्या म्हणाल्या. "काळे होते ते त्यांनी नेले. हे माझे आहेत. ह्यांना रंग लावायचा नाही."

मुलीला मराठी येत नव्हतं. तरी तिनं हातातली बाटली खाली ठेवली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग अण्णांचं वर्षश्राद्ध आलं.

आमच्या घरच्या श्राद्धाचा स्वयंपाक वर्षानुवर्षं आत्याबाईंच्या हातचा. चार दिवस आधी मलकपेठेतून बापूकाका आले. ते अण्णांचे चुलतभाऊ. मलकपेठेत राहायचं एक सोयीचं कारण म्हणजे घोड्यांची शर्यत पायी जाऊन बघता येई. शर्यत नसेल त्या दिवशी ते धर्म बघत. सोफ्यावर बसून त्यांनी श्रीकांतला सांगितलं, "केस ठेवलेल्या विधवेच्या हातचं पितरांना चालत नाही. गुरुजी जेवणार नाहीत. मीही नाही."

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अच्छा? मग तूच कर की पुरण. मी बसते टीव्ही बघत."

"गोदे, थट्टा नाही. परत न्हाव्याला बोलाव, प्रायश्चित्त घे, सगळं पहिल्यासारखं होईल."

"हौ. पहिल्यासारखं होईल," आत्याबाई म्हणाल्या. "तेच तर नक्को."

श्रीकांतनं वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. मला त्या क्षणी अण्णाच दिसले.

श्राद्धाला स्वयंपाकी बोलावला. त्या दिवशी आत्याबाईंना स्वयंपाकघरात यायची बंदी होती. त्या टीव्ही आपल्या खोलीत नेऊन दार लोटून बसल्या. बाहेर त्यांच्या भावाच्या नावानं पिंड ठेवले जात होते आणि आतून टीव्हीवरच्या जाहिरातींचा आवाज येत होता. नातेवाईक एकमेकांकडे बघत होते. मी आत जाऊन बघितलं तर त्यांची पाठ टीव्हीकडे होती. हातात तुळशीचं पान होतं आणि ओठ हलत होते.

त्यानंतर घरी येणारी माणसं कमी झाली. त्यांच्याच सिकंदराबादच्या भाच्यानं मुलीच्या लग्नाचं आमंत्रण फक्त श्रीकांतला आणि मला दिलं. आत्याबाई म्हणाल्या, "जा की. माझ्यासाठी बुंदी आणा." आम्ही बुंदी आणली. त्यांनी ती गॅसवाल्याला देऊन टाकली.

केस मात्र वाढत होते. चौथ्या वर्षी ते खांद्याखाली आले, दाट नाहीत पण स्वच्छ, धुतलेल्या पंच्यासारखे. त्या वर्षीच्या थंडीत आत्याबाईंना ताप आला आणि तो छातीत उतरला. दवाखान्यात राहायला त्यांनी नकार दिला. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देत आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवत.

एका संध्याकाळी मी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि केस विंचरायला घेतले. तापानं गुंता झाला होता. त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

"आत्याबाई, एवढे केस हवे होते तर आधी का नाही वाढवले?" मी विचारलं. "अण्णांनी अडवलं असतं का?"

"अडवलं नसतं," त्या म्हणाल्या. धाप लागत होती म्हणून थांबत थांबत बोलल्या. "माझे केस काढले ना, तेव्हा मी हातपाय झाडायला लागले. माझे सासरे म्हणाले, हिच्या भावाला बोलवा, तो धरील. अण्णा अठरा-एकोणीस वर्षांचा. मला भेटायला आलेला. त्याला मागं बसवलं, माझे खांदे धरायला लावले. लई रडत होता. माझ्या पाठीवर पडायलं होतं त्याचं पाणी. पण त्यानं धरलं."

मी फणी थांबवली.

"मग मला घेऊन आला इकडं. जन्मभर पोसलं. पण माझ्याकडं सरळ बघितलं नाही कधी. आता मी केस वाढवून त्याच्यासमोर बसले असते, तर त्याला वाटलं असतं ना गं, की मग तेव्हा आपण धरलं कशाला?"

मी पुन्हा गुंता सोडवायला घेतला. मग त्या म्हणाल्या, "तो होता तोवर राहू दिलं."

मी मागं वळून बघितलं. दारात श्रीकांत औषधाची बाटली घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं बाटली टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

आत्याबाई तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. चहा मागितला होता, तो घेऊन जाईपर्यंत सगळं संपलं होतं.

बापूकाका आले. तीन वर्षं ज्यांनी उंबरा ओलांडला नव्हता ते आणखी तिघे-चौघे आले. गुरुजींशी हळू आवाजात काही बोलणं झालं आणि मग बापूकाका पुढच्या खोलीत श्रीकांतजवळ येऊन बसले. आवाज अगदी मऊ होता.

"श्रीकांत, एक करावं लागेल. केसांसकट विधवेला अग्नी देता येत नाही. आधी वपन करून घेऊ. न्हावी बोलावलाय मी, खाली उभा आहे. पाच मिनिटांचं काम. तिला आता काय कळणार आहे?"

श्रीकांत जमिनीकडे बघत होता. मी दारात उभी होते. मला वाटलं, हा आता वर्तमानपत्र शोधणार.

"न्हाव्याला परत पाठवा," तो म्हणाला.

"अरे, ती मुक्त होईल की नाही याचा प्रश्न आहे."

"आमच्या घरानं तिला एकदा धरलं, काका. तेवढं पुरे."

बापूकाकांना ते कळलं नाही. ते शास्त्र सांगू लागले, मग आवाज चढला, मग म्हणाले की असं असेल तर आम्ही खांदा देणार नाही. श्रीकांत म्हणाला, "बरं." खांद्याला माणसं मिळाली. गॅसवाला आला, किराणा दुकानदार आला, आणि पार्लरच्या मुलीचा भाऊ आला. त्याला तिनं झोपेतून उठवून पाठवलं होतं.

न्यायच्या आधी मी आत्याबाईंना आंघोळ घातली, केस पुसले आणि तेल लावून विंचरायला बसले. श्रीकांत आत आला. त्यानं दार लोटलं आणि माझ्याकडे हात पुढे केला. त्याला फणी हवी होती.

"तुला वेणी येते?" मी विचारलं.

"नाही. सांग."

मी त्यांना कुशीवर वळवून धरलं आणि सांगत गेले. तीन पेड कर. उजवा मधल्यावर घे. आता डावा. ओढू नकोस फार. बाहेरून बापूकाका उशीर होत असल्याचं दोनदा ओरडले. श्रीकांतनं मान वर केली नाही. त्याची बोटं जाड होती. पेड निसटायचे, तो पुन्हा धरायचा.

वेणी सैल झाली, थोडी वाकडीही झाली. मी ती तशीच राहू दिली.