पडद्याशी भांडणारे आप्पा

आमच्या गल्लीतले चौगुले आप्पा सिनेमा बघत नाहीत, त्याची उलटतपासणी घेतात. पडद्यावर कुणी दोन वाक्यं खोटी बोललं की भरल्या थिएटरात त्यांचा आवाज उठतो, "माणूस असं बोलत न्हाय रं!" पुढच्या चार रांगा वळून बघतात त्या माझ्याकडे. आप्पा तोवर साळसूद चेहऱ्यानं बसलेले असतात.

बेळगावच्या कोर्टात साक्षीदारांचे जबाब लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वाक्य पूर्ण करतो, असं त्यांचं ठाम मत. गेल्या वर्षी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्या आणि दर रविवारी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसण्याचं काम माझ्याकडे आलं. काकू हे कसं सोसत होत्या, देव जाणे. मी मात्र थकलो होतो. यापुढे मला जमायचं नाही, हे परवाच्या रविवारी सांगायचंच असं ठरवून मी निघालो.

सिनेमा आमच्याच भागात काढलेला. संकेश्वरकडचा ऊस असा दिसत होता, की बसमधून रोज बघतो तो हाच का, असं वाटावं. कॅमेरा उत्तम, नटमंडळी उत्तम. पण तोंड उघडलं की घोटाळा. बाप लेकाशी बोलायचा तेही भाषण ठोकल्यासारखं. आणि घरात भांडण पेटलं तरी जाहिरातवाल्या कंपनीचं मसाल्याचं पाकीट नाव पुढं करून उभं.

"घर मोडलं तरी पाकीट सरळ हाय बघ," आप्पा म्हणाले. "एवढा चांगला पिच्चर, आणि मधी दुकान मांडलंय!" मध्यंतरात त्यांनी दोन प्रसंग आपल्या शब्दांत बोलून दाखवले. वैताग असा, की त्यांचेच चांगले होते. माझं सांगायचं राहून गेलं.

मग दवाखान्याचा प्रसंग आला. बायको शेवटच्या घटका मोजतेय, नवरा तिचा हात धरून बसलाय. बराच वेळ कुणी बोललं नाही. थिएटरही गप्प. आणि नवरा म्हणाला, "लवकर बरी हो. घरी नवा मसाला आणून ठेवलाय, अस्सल चवीचा!"

सगळं थिएटर हसत सुटलं. मीही हसलो आणि मान खाली घालून आप्पांच्या आरोळीची वाट बघत राहिलो. ती आलीच नाही.

बाहेर पडून खडेबाजारात चहाला थांबलो. आप्पा बशीत चहा ओतून नुसतेच बसले.

"आप्पा, त्या मसाल्याला बरं सोडून दिलंत?"

"तुझ्या काकूनं असाच हात धरलता," ते म्हणाले. "कायतरी बोला की, म्हणाली. आणि मी काय बोललो ठावं हाय? नवा मिक्सर आणलाय म्हटलं. दोन वर्षांची वारंटी हाय."

मला मघाच्या हसण्याची लाज वाटली.

"मग काकू काय म्हणाल्या?"

"तेवढ्यात नर्सबाई आली. मला भाईर काढलं." आप्पांनी बशी बाजूला सारली. "पिच्चरमधली ती बाई काय म्हणाली रं त्याला? लोकं हसली, मला ऐकूच आलं न्हाय."

मलाही ऐकू आलं नव्हतं.

"उद्या परत बघूया, आप्पा," मी म्हटलं. "पुढच्या रांगेत बसू."