एसटीमागची लाल गाडी

अमरावती-अकोला एसटीच्या खिडकीत सुमनवहिनी बसलेल्या असायच्या आणि एसटीच्या मागे, तिच्याच चालीने, त्यांचे यजमान देवीदासभाऊ आपल्या लाल, बुटक्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीत एकटे. एसटी थांबली की गाडी थांबायची. मूर्तिजापूरला तर भाऊ उतरून खिडकीतून बायकोला चहा द्यायचे, रिकामा कप परत घ्यायचे आणि पुन्हा मागे लागायचे. मी हे स्वतः पाहिलंय, त्याच एसटीत मागच्या सीटवर बसून. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हा लाल गाडीवाला तुमचा पिच्छा करून राहिला का?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "नवरा हाये माहा. येऊ द्या."

देवीदासभाऊ माझे शेजारी. गावाबाहेर त्यांची फुलशेती, शेवंती आणि झेंडूची. ती गाडी त्यांनी धामणगावच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून घेतली. वय झालेली, पण आवाज असा की गल्लीतली भांडी वाजावीत. खोड एकच, तेल गळायची. त्यापायी हा माणूसच बदलला. कोणाकडे गेला की राम राम नंतर, आधी अंगणातल्या गाडीखाली वाकणार. "थांबा, मले खाली पाहू द्या." माझ्या कोऱ्या करकरीत स्कूटरखाली वाकून त्यांनी विचारलं, "काहून हो, गळलेलं तेल रोज पुसून ठेवता का?" माझं डोकंच फिरलं! पुसून काय ठेवता!

वहिनींना मात्र यात हसण्यासारखं काही नव्हतं. अकोल्यात त्यांच्या भावाच्या वास्तुशांतीला या गाडीने पांढऱ्याशुभ्र फरशीवर तेलाचं थारोळं केलं. त्यावरून भावाचे व्याही घसरले, ते बुंदीच्या परातीसकट आडवे. वहिनींचा भाऊ देवीदासभाऊंना सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊजी, पुढच्या टायमाले गाडीच्या खाली ठेवाले परात आणत जा." सगळे खो-खो हसले. वहिनी तडक एसटी स्टँडवर जाऊन बसल्या. "गळणं थांबल्याबिगर मी त्या गाडीत पाय ठेवनार नाही."

मग देवीदासभाऊ पेटले. इंजिनाच्या झाकणाचं गॅस्केट बदललं, तर गाडी पुढून गळायला लागली. पुढचं सील बदललं, तर मागून. मिस्त्रीने हात जोडले, "भाऊ, इकून टाका." भाऊंनी इंजिन डिझेलने धुतलं आणि त्यावर वहिनींची अंगाला लावायची पावडर फासली, म्हणजे तेल आधी कुठून फुटतं ते ओल्या रेघेवरून कळावं. गल्लीभर मोगऱ्याचा वास! आणि रेघा निघाल्या त्या सगळीकडूनच.

एके दुपारी त्यांच्या शेतात गड्याने सगळे व्हॉल्व बंद ठेवून मोटर चालू केली. ठिबकच्या नळ्या फटाफट सांध्यातून निसटल्या. गड्यावर ओरडायचं सोडून भाऊ चिखलाच्या पायांनी थेट घरी आले. "सांधे खराब नोयते! पान्याले जायले जागाच नोयती!" मला वाटलं, ऊन लागलं बिचाऱ्याला.

त्यांनी इंजिनात तेल भरायचं झाकण काढलं, तिथे कोरोनातला रबरी हातमोजा ताणून दोरीने बांधला आणि गाडी चालू केली. मोजा फुगला, पाचही बोटं ताठ उभी राहून थरथरायला लागली.

"पाहा! पोटात हवा कोंडून राहिली. जायले वाट नाही, मंग तेलाले बाहेर ढकलते!"

इंजिनाला ही हवा सोडायला एक नळी असते. भाऊंनी ती चाचपली आणि तिच्या तोंडातून ठिबकचं काळं बूच उपसून काढलं. गाडी आणली तेव्हा या नळीतून थेंबभर तेल यायचं, ते थांबवायला बूच मारणारे खुद्द देवीदासभाऊ! दुसरा कोणी असता तर बूच खिशात घालून गप्प बसला असता. हा माणूस गल्लीच्या मधोमध नाचत ओरडला, "अवो, मीच गाढव! मीच मारलं होतं बूच!" निवडून आल्यासारखा आनंद! नळी साफ करून त्यांनी ती हवेच्या फिल्टरला जोडली. पुन्हा मोजा बांधला, तर बोटं गपचूप आत ओढली गेली.

वहिनींचा विश्वास बसेना. संध्याकाळी त्यांनी गाडीखाली पांढरी चादर पसरली. सकाळी चष्मा लावून वाकल्या, चादर ओढून काढली, उजेडात उलटसुलट पाहिली. एक डाग नाही. सगळी गल्ली श्वास रोखून उभी.

"साडी बदलून येते," वहिनी म्हणाल्या. "आज अकोल्याले भावाकडे जेवन हाये, गाडीतच जाऊ." आम्ही टाळ्या पिटल्या, मी तर शिट्टीही मारली.

त्या आत गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, एवढा जीव आटवला, त्यापेक्षा चांगली चार सीटची घ्यायची होती."

"चार सीटची घेतली का मांगं पोरं बसतात, सोयरे बसतात, फुलांचे गठ्ठे बसतात." ते काच पुसत राहिले. "पयलेच्या मोपेडवर बी आमच्या मधात गठ्ठाच राहे. इतका संसार झाला, पन आमी दोघंच असं कुठंच गेलो नाही जी."

मी दुसरं फडकं घेऊन पलीकडची काच पुसायला लागलो.

दिवेलागण झाली तरी लाल गाडीचा पत्ता नाही. पुन्हा गळायला लागून कुठे बंद पडली की काय! फोन केला, तो वहिनींनी उचलला. अकोल्यात त्यांच्या भावाने खरंच गाडीखाली परात ठेवली होती म्हणे. जेवणं आटोपल्यावर वहिनींनी ती कोरडी परात उचलून प्रत्येक पाहुण्याच्या नाकासमोरून फिरवली.

"मग आता आहात कुठे?"

"दर्यापूरजवळ."

"दर्यापूर? मूर्तिजापूरचा रस्ता बंद आहे का?"

"चालू हाये जी," वहिनी म्हणाल्या. "हा लंबा पडते."