माणूस कोण?

सुधाकर गुरव लग्नाला जातो तो जेवायला नाही, जेवणाऱ्यांना बघायला. समोरच्या पंगतीत कुणी जिलेबी मोडली की हा मान तिरकी करतो. मग माझ्या कानाशी येतो. "डॉक्टर, तो फेटेवाला. वरची पंगत आपली. काय सुरेख चालतेय!" फेटेवाल्याला गुरव कोण हे ठाऊकही नसतं.

मी पनवेलमध्ये दातांचा डॉक्टर आहे. बाजारामागच्या गल्लीत गुरवची एका खोलीची लॅब आहे. मी तोंडाचं माप घेतो, तो त्यावरून कवळ्या, कॅप, ब्रिज करतो. चिठ्ठीवर मी लिहितो, 'स्त्री, वय सत्तर, पूर्ण कवळी.' लगेच फोन येतो. "हे माप झालं. माणूस कोण?"

"म्हणजे?"

"जास्त बोलणारी की जास्त ऐकणारी?"

"गुरव, कवळी करायचीय, सोयरीक नाही."

"सोयरिकीपेक्षा जास्त टिकायला हवी ना!"

एकसारखे पांढरेशुभ्र दात त्याला खपत नाहीत. "मूर्तीला ठीक आहेत. माणसाला नकोत." म्हणून तो पेशंटचा हसतानाचा जुना फोटो मागतो. आता त्या पिढीतली माणसं फोटोत हसतात कुठे? सगळे पासपोर्ट काढल्यासारखे उभे. मग गुरव थेट घरी फोन लावतो. "तुमचे वडील हसले की कुठला दात आधी दिसायचा?" आणि एखादा दात मुद्दाम किंचित वाकडा बसवतो. एका मुलीने आईला नव्या कवळीत पाहिलं आणि माझ्या दवाखान्यातच ती रडली. आभार मी घेतले.

आभार घेतले, ते एक वेळ चाललं असतं. मी त्याला दोषही दिला. हे बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी नेरे गावच्या हिराबाय आल्या. तोंडात एकही दात नव्हता. अशा माणसाला जबडे मिटायला सांगितले की तो खालचा जबडा पुढे काढतो. जीभ मागे घ्यायला लावून, आवंढा गिळायला सांगून, मग मेणात चावा घ्यायचा असतो. बाहेर गर्दी होती. मी पुढे आलेल्या जबड्याचाच चावा घेतला. कवळी आली, तिचे मागचे दात एकमेकांवर टेकेचनात. हिराबाय माझ्याकडे बघत होत्या, बाकावर बसलेली माणसंही. मी म्हणालो, "लॅबवाल्याची चूक आहे."

"कुटं हाय तो?" असं विचारत त्या निघाल्यासुद्धा. मी मागोमाग.

"माज्या नातीची हलद हाय आयतवारी! मी काय नुसती पेज पिऊ?"

गुरवने कवळी पाहिली. मेणाचा चावा पाहिला. मग हिराबायच्या खांद्यावरून, दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्याला एका नजरेत सगळं कळलं होतं.

"चुकलं माझं, बाय," तो म्हणाला. "बसा. चहा घेणार?"

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप नीट चावा घेतला. गुरवने जागून नवी कवळी केली. हळदीत हिराबायनी मटण चावून चावून खाल्लं म्हणे. पण तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या गुरवला जाब विचारायला जातात. इथे टोचतं, तिथे सैल वाटतं. जाताना शिव्या, आणि पिशवीत वालाच्या शेंगा.

गेल्या वर्षी मी गुरवपाशी चूक कबूल केली. म्हटलं, आता हिराबायनाही सांगतो. तो घाईघाईने म्हणाला, "नको, नको. तीस वर्षं माझ्याकडे प्लास्टरची तोंडं येतात, डॉक्टर. बोलणारं एकच आलं."

मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतंच.

पण परवा तपासायला आलेल्या हिराबाय भर दवाखान्यात म्हणाल्या, "त्या गुरवाचा हातच वाकरा." बाकावरच्या दोघी हसल्या. मला सोसवेना. त्या दोघींसमोरच मी सगळं सांगितलं. चावा, घाई, खोटं.

हिराबायनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "सा वर्सं? आनि तो माज्या शिव्या खात व्हता?"

"हो."

"तुमी डाक्टर हाव का कोन!"

पिशवी उचलून त्या उतरल्या. आता गुरवकडे कुणी जायचं नाही, आणि ते माझ्यामुळे, असं वाटून मी पाठोपाठ गेलो. त्या गुरवच्या गल्लीतच वळल्या.

"ओ गुरव, मागची दाढ लागते. घासा जरा."

दाढ लागत नव्हती. पाच मिनिटांपूर्वी मीच तपासली होती.

गुरवने कवळी हातात घेतली, उजेडात धरली, मान हलवली. "लागते खरी. बसा, वेळ लागेल." त्याने मशीन सुरू केलं. हिराबाय स्टुलावर बसून नातीच्या बाळाचं सांगू लागल्या. मशीन घरघरत होतं. मी दारातून नीट पाहिलं. त्याचं टोक कवळीपासून चांगलं बोटभर लांब फिरत होतं.