कोंडवाडा-कायद्याचे विशेष प्रमाणपत्र

पोळ्याला नऊ दिवस राहिले असताना रुख्माबाईचा पाखऱ्या नावाचा बैल शेताचा धुरा ओलांडून शेजारच्या किसनरावांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरला, दहा-बारा झाडांचे शेंडे त्याने खाल्ले आणि दुपार व्हायच्या आत तो गावच्या कोंडवाड्यात रीतसर दाखल झाला. पवनारच्या पलीकडे, धाम नदीच्या काठावरच्या त्या गावात असं दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या बैलाचं होत असे. मालकाने पंचायतीत दंड भरावा, राखणदार चिंधूने कडी काढावी, बैलाने घरी यावं आणि मालकिणीने त्याला शिव्या देत सरकीची ढेप चारावी, अशी जुनी रीत होती. तिच्यात कायदा फार थोडा होता, म्हणून ती सुरळीत चाले.

रुख्माबाईने दंडाचे पैसे पदराच्या गाठीत बांधले आणि ती निघाली. पण विहिरीजवळ शोभाबाई भेटली.

"घरात वकील असून दंड भराले चालली का व?" शोभाबाई म्हणाली. "मंग आमच्यात आन तुह्यात फरक काय राह्यला?"

हा घाव वर्मी बसला. रुख्माबाईचा भाचा चंद्रभान वर्ध्याच्या लॉ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता, आणि दोन वर्षं याच विहिरीवर तिने ते ऐकवलं होतं. ती तशीच परत फिरली आणि तिने बोरगाव मेघेला, चंद्रभानच्या खोलीवर, निरोप धाडला.

चंद्रभान सायकलवर आला. त्याच्या हातात एक जाड कागदाची गुंडाळी होती.

"आत्या, दंड भरू नोको," तो म्हणाला. "दंड भरणं म्हंजे गुन्हा कबूल करणं. आन मी या विषयातला तज्ज्ञ हाओ."

ही तज्ज्ञता कशी निर्माण झाली, ते सांगणं आवश्यक आहे. त्या सुमारास, म्हणजे सत्तावन-अठ्ठावन साली, त्या कॉलेजचे प्रिन्सिपल वासुदेवराव यांच्या असं लक्षात आलं, की जिल्ह्यात खटले कमी आणि वकील जास्त होत चालले आहेत. खटले वाढवणं त्यांच्या हाती नव्हतं. वकिलाचे तुकडे करणं मात्र होतं. त्यांनी विशेष प्रमाणपत्रांचे वर्ग काढले. पहिलाच वर्ग कोंडवाडा-कायद्याचा, आणि त्याला एकदम चाळीस मुलं आली. एका कोंडवाड्याला चाळीस तज्ज्ञ शोभेनात, म्हणून पुढच्या सत्रात विषयाचे भाग पाडले: बैल व गाय, म्हैस व रेडा, शेळी व इतर किरकोळ. तरी गर्दी हटेना. तेव्हा प्रत्येक भागाचे पुन्हा दोन झाले. जनावर आत जाणे तो 'प्रवेश' आणि बाहेर येणे ती 'सुटका'. चंद्रभान 'बैल व गाय, प्रवेश' या शाखेत पहिला आला होता.

"म्हंजे तू बैल सोडवतं ना?" रुख्माबाईने विचारलं.

"मी प्रवेश पाहतो," चंद्रभान गंभीरपणे म्हणाला.

पंचायतीचे सचिव बबनराव यांनी प्रमाणपत्र पाहिलं आणि ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. चंद्रभानने रजिस्टर मागवलं, पान उलटलं आणि निर्णय दिला. "आत जाताना बैलाचं तोंड कोणत्या दिशेला होतं याची नोंद नाही. सबब हा प्रवेश बेकायदेशीर आहे."

"बरं झालं बाप्पा," रुख्माबाई म्हणाली. "चाल, सोड त्याले."

"असं कसं, आत्या? बेकायदेशीर आत गेलेला बैल कायदेशीर बाहेर कसा येईन? आधी प्रवेश दुरुस्त करा लागते. त्यासाठी एक नमुना-प्रवेश पाहिजे."

नमुन्यासाठी रुख्माबाईचा दुसरा बैल मोऱ्या आणण्यात आला. चंद्रभानने त्याला स्वतः आत घातलं. तोंड पूर्वेला, उजवा खूर आधी, शेपटी मोकळी, दोन साक्षीदार. बबनरावांनी सही केली आणि ते म्हणाले की पंधरा वर्षांच्या नोकरीत इतक्या स्वच्छ रीतीने आत गेलेला बैल आपण पाहिला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुख्माबाईनेही वाजवल्या. घरी येऊन रिकामा गोठा पाहिला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आता आपले दोन बैल आत आहेत, आणि त्यांपैकी एक निर्दोष आहे.

"चंद्रभान, हे काय करून राह्यला तू? आठव्या दिवशी लिलाव होते, आन दुसऱ्या दिवशी पोळा!"

रुख्माबाईच्या जिवाला हीच धास्ती होती. नवरा गेला तेव्हा गावाने ठरवून टाकलं होतं, की बाई एकटी, जोडी विकून टाकेल. त्यानंतर अकरा पोळे तिची जोडी तोरणाखाली उभी राहिली होती, शिंगांना बेगड आणि पाठीवर झूल घेऊन. बैलांपेक्षा तिचीच मान त्या दिवशी उंच असे.

"घाबरू नोको," चंद्रभान म्हणाला. "सुटकेचा तज्ज्ञ मी घेऊन येतो."

पाचव्या दिवशी तो कमला नावाच्या मुलीला घेऊन बसने आला. मुलगी हुशार, चुणचुणीत होती. तिने रजिस्टर वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, माझं प्रमाणपत्र सुटकेचंच आहे, पण म्हशीचं. तुमची म्हैस असती तर आत्ता सोडवली असती."

"मंग बैलाले म्हैस लिहून टाक ना माय!"

"ते खोट्या नोंदींचं काम. त्याची परीक्षा वेगळी असते."

"आन बैल सोडवणारं कोनीच नाई का तुमच्या कालेजात?"

"सहा जण आहेत. पण त्यांची परीक्षा दिवाळीनंतर आहे."

"मंग दिवाळीपर्यंत पोळा थांबवता येते का, त्याचा कोनी शिकला असंन तं पाहाय," रुख्माबाई म्हणाली. कमलाने ही सूचना मनापासून वहीत उतरवून घेतली.

सातव्या दिवशी रुख्माबाईने लाज गुंडाळून ठेवली. पदराची गाठ सोडत ती एकटीच पंचायतीत गेली. "बबनराव, हा घ्या दंड. माहे बैल सोडा."

बबनरावांनी हात मागे घेतले. "घेता येत नाही, रुख्माबाई. रजिस्टरातली चूक निघाल्यापासून पंचायत घाबरली आहे. परवाच ठराव झाला. कोंडवाड्याचा कोणताही व्यवहार प्रमाणपत्रधारकामार्फतच व्हावा."

"अकरा वर्षं तं माह्याच हातून घेतला!"

"तेव्हा आपण सगळेच अडाणी होतो," बबनराव हळहळून म्हणाले.

ती कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून खाली बसली. आतून पाखऱ्याने तिचा वास ओळखून हंबरडा फोडला. उन्हं कलली तसा चिंधू खाकरत आला.

"काऊन बसली व मावशी अशी?"

"चिंधू, तू काय शिकला रे?"

"मी? माह्या बापानं मले शाळेत घातलं, तं मी मांगच्या दारानं घरी आलतो."

"मंग या कडीले हात कोन लावते?"

"मीच लावतो. रोज सांजच्याले जनावरांले नदीवर पाणी दाखोतो. त्याचा ठराव करायचा राहून गेला वाटते." चिंधूने कडी काढली आणि आभाळाकडे पाहत पुढे म्हणाला, "आता पाणी पिऊन एखादं जनावर सरळ आपल्या घरी गेलं, तं मी काय त्याच्या शेपटीले लटकू?"

पाखऱ्या आणि मोऱ्या पाणी प्यायले, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कोणतीही परीक्षा न देता ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी लिलाव ठरल्याप्रमाणे झाला. माल दिसत नसल्यामुळे बोली लागली नाही. रजिस्टरात दोन बैल आत गेल्याची नोंद होती, बाहेर आल्याची नव्हती. सबब ते आतच आहेत असं बबनरावांनी ठरवलं आणि त्यांना रोज चार पेंढ्या कडबा टाकण्याचा हुकूम केला. पोळ्याला तीच जोडी बेगड लावून तोरणाखाली उभी राहिली. बबनरावांनी बैलांना कुंकू लावलं, पण ओळख दाखवली नाही. कायद्याने ते बैल तिथे नव्हते.

ही बातमी कॉलेजात पोचली तेव्हा चंद्रभान चार दिवस खोलीबाहेर पडला नाही. प्रिन्सिपल वासुदेवरावांचे मात्र डोळे भरून आले. पुस्तकाशिवाय सुटका! एवढा मोठा विषय आणि त्याला अजून वर्ग नाही! ते स्वतः टांगा करून गावात आले, त्यांनी सभा भरवली आणि रुख्माबाईला सन्मानपूर्वक 'बैल-सुटका, प्रात्यक्षिक' हे प्रमाणपत्र अर्पण केलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने ते सोबत आलेल्या कमलाकडून तीनदा वाचून घेतलं, वर्ध्याहून काचेची चौकट आणवली आणि देवाच्या शेजारी भिंतीवर टांगलं. पाहुण्यांना ती आधी ते दाखवी आणि मग पाणी देई. पंचायतीनेही ठराव केला, की यापुढे चिंधूने रुख्माबाईच्या शब्दाशिवाय कडीला हात लावू नये.

दिवाळी झाली आणि एका सकाळी शोभाबाई धापा टाकत आली.

"रुख्मे, चाल व लवकर! माही शेळी कोंडली. घरी लहान पिल्लं वरडून राह्यले. तू येक शबद टाक, चिंधू सोडते."

रुख्माबाई उठली. तिने पदर खोचला, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला आणि ती थांबली. तिने वळून भिंतीकडे पाहिलं.

"शेळी म्हनतं का?" ती अडखळत म्हणाली. "माय, माह्या कागदावर तं बैल लिहेल हाय व."

शेळीचा लिलाव आठव्या दिवशी झाला.

रुख्माबाईला नावं ठेवू नयेत. ती अडाणी बाई होती, आणि तिच्या भिंतीवर असा कागद एकच होता. तुमच्या भिंतीवर किती आहेत ते मोजा, आणि शेवटची शेळी आपण कधी सोडवली होती, ते आठवतं का पाहा.